डाव्या अंगाला जाणारा बैल

बाबा, तुमचा बैल काल पुन्हा डावीकडे गेला.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मला मात्र इतका आनंद झाला की आज सकाळी चहा उतू गेला तरी मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होते. सून येऊन म्हणाली, आई, बरं आहे ना? बरं आहे म्हटलं. मग नातीकडे वहीचे कागद मागितले. तिनं फाडून दिले आणि वरून बजावलं की आजी, समासाच्या बाहेर लिहायचं नाही. सहा वर्षांची आहे, पण दरारा सासूचा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला समासाचं काय, तरी मी रेघ धरून लिहीत आहे. चौथीपर्यंतच का शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते मी पुढे लिहिणारच आहे. आज तुम्हाला सोडत नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडताना मधे कोणी ‘बापाशी असं बोलतेस’ म्हणायला उरलेलं नाही. त्यामुळे मोकळं वाटतं.

पहिल्यापासून सांगते. पुलगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तुम्ही काट्यावर बसायचे. कापसाची गाडी आली की वजन तुमच्या हातचं, आणि त्यात म्हणे तुमची चूक कधी कोणी काढली नाही. आई हे सांगायची तेव्हा मला वाटायचं, मग घरी आल्यावर या माणसाला काय होतं? कारण पावसाळ्यात जिन बंद पडलं की तुम्ही आपल्या नाचणगावच्या घराच्या छपरीत हत्यारं मांडून बसायचे आणि त्या छपरीत मापाचं नाव काढायची चोरी होती. कोणी फूटपट्टी दाखवली तर तुम्ही अशी मान उडवायचे जशी काही त्यानं शिळी भाकर पुढे केली. “वर्षभर काटाच पाह्यतो मी. आता घरीबी मापत बसू का? कारागिराची नजर पाह्यजे.” जिनातली लाल पेन्सिल कानावर कायम. त्या पेन्सिलीनं तुम्ही लाकडावर कधी एक रेघ मारलेली मी पाहिली नाही, देवाशपथ. ती पेन्सिल तुमच्या कानावर बसूनच म्हातारी झाली. मिशीला तेल, कानाला पेन्सिल, आणि समोर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशी हातोडी. हातोडीची गरज नसली तरी हातोडी.

आणि करायचे काय, तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. माझी सून पुण्याकडची आहे, तिला पहिल्या वर्षी सगळं समजावून सांगावं लागलं. खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लेकरांचा पोळा असतो, लेकरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, आणि मग घरोघर नेतात तेव्हा लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवतात, हे ऐकून ती म्हणाली, किती गोड. गोड काय, बाई, तुला सासरा मिळाला तो बरा मिळाला, आजेसासरा पाहिला असता तर गोड म्हणाली नसती. असो. तर तुमचा बैल दिसायला देखणा असायचा, हे मी नाकारत नाही. शिवणीच्या लाकडाचा, वशिंड नीट, मान अशी जरा उचललेली. पितळेचा पत्रा कापून शिंगांच्या टोकांना टोप्या करायचे, त्या तर सोनाराला लाजवतील अशा. गळ्यातली घंटी, शेपटीचा गोंडा, पायाखाली पाट, पाटाला चार चाकं. आणि चाकं लावली की संपलं. बैल दोन पावलं सरळ यायचा आणि मग डावीकडे वळून नालीत जायचा.

एक बैल नाही, सगळे. आपल्या गल्लीतली पोट्टी त्याला ‘डावरा बैल’ म्हणायची, आणि लेकराच्या हातात तुमचा बैल दिसला की बाकीची लेकरं आपले बैल घेऊन त्याच्या उजव्या बाजूला सरकायची. तुम्हाला कोणी येऊन सांगितलं की तुमचं उत्तर ठरलेलं. “बैल बराबर हाये. रस्ता उतारावर हाये.” आपल्या गल्लीतला रस्ता उतारावर, देवळासमोरचा उतारावर, पाटलाच्या खळ्यातली शेणानं सारवलेली जमीनही उतारावर. तुमच्या मते सगळं नाचणगाव डाव्या अंगाला कललेलं होतं आणि तुम्ही एकटे सरळ. आई चुलीपुढून म्हणायची, “तुह्या बापाचा बैल अन् तुहा बाप, दोघंबी एकाच अंगानं जाते.” ती हे मोठ्यानं म्हणायची. तुम्हाला ऐकू यायचं. तुम्ही हातोडी जोरात मारायचे.

आता माझ्या चौथीचं. चाकं घडवायला खराद लागतो. तुम्ही तो छपरीच्या दोन खांबांमधे बसवला होता, लाकडाला दोरीचे वेढे, एकानं दोरी पुढेमागे ओढायची, लाकूड फिरतं, आणि दुसऱ्यानं त्याला पटाशी लावायची. पटाशी लावणारा तो कारागीर. दोरी ओढणारा तो कोणीच नाही. मी दोरी ओढायची. माझे दोन्ही तळवे पावसाळाभर लाल असायचे. चौथी झाली आणि बाईंनी घरी येऊन सांगितलं की पोरीला पुढे घाला, तिला हिशेब येतो. तेव्हा तुम्ही त्यांना पाणी दिलं, सुपारी दिली, बैलाच्या शिंगाच्या टोप्या दाखवल्या आणि म्हणाले, “शाळा कुठं पळून नाई जात बाई. पोळा चालला जाते. दोरी ओढाले कोन?” त्या वर्षीचा पोळा आला आणि गेला. शाळाही गेली. तुमचं म्हणणं निम्मं खरं निघालं, बाबा, एवढं तुमच्या नावावर लिहून ठेवते.

दोरी ओढता ओढता मी पाहायची, दुसरं काही करायला नव्हतंच. पाटाखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे ठोकळे असायचे आणि त्यांच्यातून आस घालायचा, म्हणजे मोडक्या छत्रीची काडी. त्यासाठी ठोकळ्याला दोन्ही टोकांकडून गिरमिटानं छेद पाडावा लागतो. तुम्ही उजवीकडून पाडायचे, मग ठोकळा फिरवून डावीकडून, एक डोळा मिटून, मान कलती करून, आणि तोंडानं शीळ. डावीकडचा छेद प्रत्येक वेळी मागे पडायचा. अगदी करंगळीच्या नखाएवढा, पण मागेच. मग पुढचा आस तिरका बसायचा आणि बैल बिचारा आसाचं ऐकून डावीकडे जायचा. मला हे दोरी ओढताना दिसत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, कारण तुमची नजर कारागिराची होती.

मालगुजाराच्या नातवाच्या बैलाचं काम आलं त्या वर्षीची गोष्ट. मालगुजारी, गावाची ती जमीनदारी, तोपर्यंत सरकारनं काढून घेतली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणायचं आणि तेही ओ द्यायचे. आदल्या वर्षी त्यांच्या नातवानं तुमचाच बैल नेला होता आणि तोरणाखाली, सगळ्यांच्या देखत, तो नालीत गेला होता. पोरगं चिखलात बसून रडलं. त्यामुळे या वर्षी त्यांनी निरोप पाठवला तो असा, की बैल करा, पण चालणारा करा, नाही तर यापुढे वर्ध्याहून आणू. तुमचं तोंड उतरलं होतं. तुम्ही त्या दिवशी शीळ घातली नाही. वासराएवढा मोठा बैल केला तुम्ही, मान्य आहे, अंगावर हात फिरवला तर खरंच कातडी वाटावी. आईनं मला हळूच सांगितलं की हा गेला नालीत तर तुहा बाप छपरीतून बाहेर नाई निघणार. आणि मला तुमची दया आली असं कोणी समजू नये. मला त्या बैलाची दया आली. एवढा देखणा बैल आणि नशिबात नाली.

छेद तेवढे राहिले होते. तुम्ही पितळेचा पत्रा आणायला वर्ध्याला गेले, ठोकळे तसेच छपरीत पडलेले. आई आमच्या पायाचं माप झाडायच्या फड्याच्या काडीनं घ्यायची, पावलाएवढी काडी तोडायची आणि ती घेऊन बाजारात चपला आणायला जायची. आणलेली चपल कधी लहानमोठी निघाली नाही. मी फड्यातली एक काडी ओढली. ठोकळ्याच्या पुढच्या कडेपासून उजवा छेद जितका आत पाहिजे तितकी ती नखानं तोडली आणि तीच काडी डाव्या टोकाला लावून खिळ्यानं टोचून खूण केली. मागच्या ठोकळ्यालाही तीच काडी. मग ठोकळा पायात धरला आणि गिरमिट फिरवायला लागले. उजवीकडून निम्मं, डावीकडून निम्मं. बाबा, तुम्ही आयुष्यभर छेद पाडले, पण ते कधी मधोमध एकमेकांना भेटले नाहीत, तुम्ही नंतर तापवलेली तार घालून वाट काढायचे. त्यामुळे हे तुम्हाला माहीतच नाही. मधोमध भेटले की गिरमिट एकदम हलकं होतं. हाताला कळतं. जसं कोणीतरी आतून दार उघडलं. मी अकरा वर्षांची होते, आणि आज नातवंडं झाली तरी त्या हलकं होण्यासारखं सुख मला दुसरं सापडलेलं नाही. लग्न, मुलगा, घर, सगळं चांगलंच झालं, पण ते वेगळं.

तुम्ही आले, ठोकळे उचलले, छेदावर करंगळी फिरवली. मग उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. आरपार दिसत होतं. तुमच्या हातून आरपार दिसणारा छेद कधी पडला नव्हता, त्यामुळे तुम्ही बराच वेळ पाहत राहिले.

“कोनं हात लावला?”

आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. “मांजर आली होती.”

तुम्ही ठोकळे पाटाला ठोकले. आस घातला, चाकं बसवली, आणि बैल पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली नाकासमोर चालला. तोच रस्ता, तीच नाली, तोच तुमचा उतार. पोरगं पुढे आणि बैल मागे, जसा काही खरा बैल दावणीकडे चाललाय. लोक ‘वा’ म्हणाले. आम्ही पोरी विहिरीच्या ओट्याजवळ उभ्या होतो, तान्ह्या पोळ्यात पोरींनी बैल नेण्याची रीत तेव्हा नव्हती. मालगुजारांनी तुमच्या हातात नारळ दिला आणि विचारलं की मागच्या वर्षी काय झालं होतं आणि यंदा काय केलं. मी ऐकायला पुढे सरकले. मला वाटलं, आता सांगतील. कसं वाटलं कोण जाणे. तुम्ही मिशीवरून हात फिरवला, कानावरची पेन्सिल सारखी केली आणि म्हणाले, “नजर पाह्यजे मालक. नजर.”

घरी आल्यावर, तुम्ही नारळ देवापुढे ठेवत असताना, म्हटलं की बाबा, छेद मी पाडले. तुम्ही वळलेसुद्धा नाहीत.

“मंग का सांगू गावाले? का पोट्टीनं बैलाले गिरमिट लावलं म्हनून? उद्या कोन घेईन आपल्या घरचा बैल?”

आणि नारळ फोडून मला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला. तो मी घेतला नाही, तुम्ही तो स्वतः खाल्ला. चांगला आवाज करून खाल्ला. तुमचा तो चावण्याचा आवाज मला आजही कोणी खोबरं खाल्लं की आठवतो, म्हणून आमच्या घरी प्रसादाचं खोबरं किसून वाटतात. सुनेला वाटतं, सासूचे दात गेले म्हणून.

पुढच्या पावसाळ्यापासून जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं मला कळत नाही. भित्रेपणा म्हणते, दुसरा शब्द असेल तर तुम्ही सांगा. दुपारचं जेवण झालं की तुम्ही छपरीत ठोकळे ओळीनं मांडून ठेवायचे, एकालाही छेद नाही. गिरमिटाच्या टोकाला कानस मारून धार केलेली, तेल लावलेलं. शेजारी फड्याची नवी काडी. मग खांद्यावर उपरणं टाकून घरभर ऐकू जाईल असं म्हणायचे, “मी टेसनावर चहा पेवून येतो.” पुलगावचं स्टेशन काय जवळ होतं? पण चहा तिथलाच. आणि परत येताना गल्लीच्या तोंडापासून खाकरत यायचे. सासऱ्यानं सुनांच्या घरात शिरताना खाकरावं तसं तुम्ही तुमच्या स्वतःच्या छपरीत शिरताना खाकरायचे, म्हणजे मी गिरमिट खाली ठेवून आत जावं, आणि तुम्हाला काही दिसू नये. आई म्हणायची, “आला पाह्य, आपल्याच घरात चोर.” तुम्ही येऊन छेद पाडलेले ठोकळे उचलायचे, आरपार पाहायचे, आस घालायचे. माझं लग्न होईपर्यंत दरवर्षी हेच. तुमच्या बैलाचं नाव नाचणगावातून देवळीपर्यंत गेलं. लोक म्हणायचे, वय झालं तशी नजर पक्की होत चालली. मी पाणी घेऊन बाहेर यायची आणि हे ऐकून आत जायची.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, अगं, ते त्यांचं प्रेमच होतं, काडी ठेवायचे ना ते. प्रेम कसलं! ज्याला स्वतःच्या पोरीचं नाव घ्यायला लाज वाटते आणि तिच्या हातचा छेद घ्यायला वाटत नाही, त्यानं काडी ठेवली काय आणि न ठेवली काय. काडी तर मी स्वतःही ओढू शकत होते. फडा घरचाच होता.

आणि मग रुखवत. हळद लागल्यावर मला कोणी छपरीत जाऊ देत नव्हतं, नवरीनं हत्यारांना हात लावायचा नाही. माझ्या रुखवतात बैल ठेवायचा हे तुमच्याच डोक्यात आलं, मला कोणी विचारलं नाही. मी तो पहिल्यांदा मांडवात पाहिला, लाडू आणि शेवयांच्या ताटांमधे उभा. हातभर लांबीचा, शिंगाच्या टोप्या चकचकीत, पाठीवर झूल रंगवलेली, त्यात आरशाचे तुकडे. इतका देखणा बैल तुम्ही त्याआधी केला नव्हता, मालगुजाराचाही नाही. मी बाशिंगाखालून फक्त ठोकळे पाहिले. पाहिले आणि कळलं. पुढच्या आसाचं डावं टोक मागे होतं.

माझ्या सासऱ्यांचे मावसभाऊ थट्टेखोर होते. त्यांनी बैलाची दोरी हातात घेतली आणि ओढली. बैल दोन पावलं त्यांच्याकडे आला, मग डावीकडे वळला आणि लाडवांचं ताट घेऊन सरळ आपल्या माणसांच्या बाजूला गेला. सगळा मांडव हसला. ते म्हणाले, “इवाई, तुमचा बैल तं माहेरीच चालला.”

नाचणगावचे लोक हसले नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं. त्यांनी इतक्या वर्षांत तुमचा बैल वळताना पाहिला नव्हता. ते तुमच्याकडे पाहत होते. मग त्यातल्या दोघीतिघी, त्या विहिरीच्या ओट्यावरच्या, माझ्याकडे पाहायला लागल्या. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा, त्याहून सोपी वेळ देव माणसाला देत नाही. तुम्हाला फक्त म्हणायचं होतं की छेद पोरीच्या हातचे असायचे, हा माझा आहे. हसता हसता म्हटलं असतं तरी चाललं असतं. इतके लोक, सासरचे, माहेरचे, भटजी, सगळे ऐकायला बसलेले. तुम्ही ताटातून सांडलेले लाडू गोळा करत होते. वाकलेलेच म्हणाले, “मांडव उतारावर हाये.”

मी सासरी वर्ध्याला येईपर्यंत मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते या कागदावर लिहीत नाही, नात उद्या वाचायला शिकेल.

त्यानंतर तुम्ही जितकी वर्षं जगले तितकी वर्षं बैल केले आणि सगळे डावीकडे गेले. मी माहेरी आले की आई सांगायची, यंदाबी नालीतच. लाज असलेला माणूस थांबला असता. लोक म्हणायचे, पोरगी गेली आणि म्हाताऱ्याची नजर गेली, आणि असं म्हणून एकमेकांकडे पाहायचे. गाव काही आंधळं नव्हतं. पोट्ट्यांनी पुन्हा ‘डावरा’ म्हणायला सुरुवात केली, तुम्ही पुन्हा उतार सांगायला सुरुवात केली, आणि तरीही दर पावसाळ्यात छपरीत हातोडी. कधी कधी मला वाटायचं की हे तुम्ही छेद कोणाचे होते ते गावाला दाखवण्यासाठीच करत आहात, वर्षाला एकदा, तोंडानं नाही तर चाकांनी. पण मग माझंच मला हसू यायचं. तुमच्या अंगात एवढी बुद्धी असती तर काडी वापरली नसती का? आणि मला ते चाकांनी नको होतं. मला तोंडानं पाहिजे होतं.

तुम्ही गेल्यावर आईनं मला छपरीतलं काय पाहिजे ते ने म्हटलं. मी गिरमिट आणि पितळ कापायची कात्री आणली. पेन्सिल आईनं पुढे केली आणि म्हणाली, “घे, अक्खीच हाये.” ती नाही घेतली. आता आमचं घर वर्ध्यालगत पिपरी मेघेला आहे, मागच्या बाजूला न्हाणीघराला लागून पत्र्याची छपरी काढून घेतली आहे. त्यात माझं टेबल आणि लाकूड आवळून धरायचा शेगडा. मुलगा म्हणतो, आई, आता बास, डोळे सांभाळ. मी म्हणते, मला नजर लागत नाही बाप्पा, मला काडी लागते. दारांच्या कड्या, ड्रॉवरच्या मुठी, पोळपाटाचे पाय, आणि पोळा आला की गल्लीतल्या लेकरांचे बैल. सगळे नाकासमोर चालतात. बाजारातले बैल येतात त्यांना प्लॅस्टिकची चाकं असतात, ते ना डावीकडे जात ना उजवीकडे, नुसते घसटतात. त्यांच्यापेक्षा तुमचे बरे, निदान आपल्या मनानं जायचे. हे चुकून लिहिलं, पण खोडत नाही, समास बिघडेल.

आता कालचं सांगते, त्यासाठीच बसले होते. नातीसाठी मी यंदा नवा बैल केला होता. हल्ली पोरीही बैल नेतात, कोणी काही म्हणत नाही, आणि ती तर महिन्याभरापासून गल्लीत सांगत फिरत होती की माझी आजी बैल बनवते. ‘माझी आजी बनवते’, असं, कोणी न विचारता, दुधवाल्यालासुद्धा. मी आतून ऐकत होते आणि गिरमिट हातात तसंच धरून बसले होते. पण काल सकाळी तिनं नवा बैल बाजूला ठेवला आणि कपाटावरचा जुना मागितला, रुखवतातला. का गं, तर म्हणाली, “आजी, नवा बैल सगळं ऐकते. याले ऐकायचंच नाई. मले हाच पाह्यजे.” सून म्हणाली, बघा, आता हीसुद्धा तुमच्यासारखं बोलायला लागली. मी काढून दिला. झुलीवरचे काही आरसे गळले आहेत, टोप्या मी चिंचेनं घासल्या.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. गल्लीचा सिमेंटचा रस्ता त्यांनी स्वतः मागे लागून, रोज उन्हात उभं राहून करून घेतला, आणि ते तसं सांगतातही, दर आठवड्याला. लेकरं बैल घेऊन निघाली. माझे पाच बैल पुढे सरळ चालले, आणि सहावा तुमचा. दोन पावलं आला. मग डावीकडे वळला आणि ओव्हरसियरसाहेबांच्या शेवंतीच्या कुंड्यांत घुसला. नात टाळ्या पिटत होती. मीही हसले, सगळ्यांदेखत, पदर न लावता. किती वर्षं या हसण्याची वाट पाहिली होती.

ते बाहेर आले, बैल उचलून पालथा केला, ठोकळे पाहिले. माणूस नुसता बोलका नाही, त्याला कळतं. म्हणाले, “वहिनी, तुमचे बैल तर नाकासमोर चालतात. हा कोणी केला?”

सगळी गल्ली उभी होती. नात माझ्याकडे पाहत होती. बाबा, हीच ती वेळ होती, तुमच्या मांडवातली, फक्त आता बोलायचं मला होतं. तुमचं नाव घ्यायचं, तुमच्या नजरेची गोष्ट सांगायची, खोबरं, खाकरणं, काडी, सगळं. इतकी वर्षं ते माझ्या जिभेवर तयार आहे.

मी म्हटलं, “बैल बराबर हाये भाऊजी. तुमचा रस्ता उतारावर हाये.”

त्यांना राग आला. त्यांनी घरातून काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवणारी लेव्हलची पट्टी आणली आणि रस्त्यावर ठेवून मला दाखवली. मी म्हटलं, ते मले नाई समजत, मी चौथी शिकलेली.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकणार. नातीला कागदाच्या होड्या पाहिजेत, हेच कागद तिला देईन. रस्त्यावर परवाच्या पावसाचं पाणी अजून आहे, ती त्यात सोडेल. वाहून कुठं जाणार नाहीत त्या. तिथं पाणी वाहतच नाही, बाबा, साचून राहतं.